बालसंगोपनाचे २२५० रुपये नक्की कुठे अडकतात?

माणकोजी

नमस्कार मंडळी,

तालुक्यातल्या एकल महिलांचे अर्ज भरून देणाऱ्या एका गटाबरोबर मी काम करतो. पगारी नाही, आपली हौस. संजय गांधी निराधार, रेशनकार्डावरचं नाव, वारसनोंद ही आमची नेहमीची कामं. पण करोनानंतर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, "दादा, बालसंगोपनाचं कधी पडणार?" या प्रश्नाचं धड उत्तर देता यावं म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योजनेचं आताचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईवडील दोघं किंवा दोघांपैकी एक गेलेला, घटस्फोट झालेला, पालक तुरुंगात, घरात एचआयव्ही किंवा कॅन्सरसारखा आजार, अशा घरातल्या अठराच्या आतल्या मुलाला बालगृहात न पाठवता घरात, नात्यात किंवा दुसऱ्या एखाद्या कुटुंबात वाढवायचं आणि त्यासाठी सरकारने दरमहा पैसे द्यायचे. आधी कित्येक वर्षं ४२५ रुपये मिळायचे. मग ११०० झाले, आणि पुढे २२५० झाले. मूल स्वयंसेवी संस्थेमार्फत योजनेत आलं असेल तर संस्थेला प्रशासकीय खर्चाचे वेगळे २५०.

रक्कम वाढली, छान झालं. पण पैसे कोण देतं हे गावात कुणालाच नीट माहीत नाही. बायका आधी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात जातात, कारण अंगणवाडी त्यांची आणि पाटीवर नावही तसंच. तिथून त्यांना सांगतात, हे आमचं नाही. खरं ऑफिस म्हणजे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचं, ते राज्य सरकारचं, आणि बहुतेक जिल्ह्यांत ते कुठल्या तरी मागच्या इमारतीत असतं. अर्ज तिथे. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा किंवा संस्थेचा माणूस येऊन गृहचौकशी करतो. अहवाल बाल कल्याण समितीकडे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे. समिती आदेश काढते. आदेश परत जिल्हा कार्यालयात, तिथून मागणी पुण्याच्या आयुक्तालयात, आणि मग निधी. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणी तरी म्हणू शकतं, "आमच्याकडून झालंय, पुढे विचारा." आणि खरंच झालेलं असतं!

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. निधी नक्की कुठे थांबतो? केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून ४००० मिळतात आणि राज्याच्या योजनेतून २२५०, तर कोणतं मूल कुठे हे कोण ठरवतं? आणि स्वतःच्या नात्यातलं नसलेलं मूल घरी वाढवणारं एक तरी कुटुंब तुमच्या पाहण्यात आहे का? मला आजवर एकही भेटलेलं नाही.

नीरजा बाई

चांगला विषय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्यामुळे बोनाफाईडसाठी येणारे पालक रोज दिसतात.

कागदांची यादी वाचली तर काहीच विशेष वाटत नाही. आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यू दाखला, पासबुक, बोनाफाईड, आणि घरासमोर उभं राहून पालक व मुलांचा एकत्र फोटो. त्या फोटोसाठी आमच्याकडची एक आजी दोन्ही नातवंडांना आंघोळ घालून, धाकटीला सणाचा फ्रॉक घालून घेऊन आली होती. फोटो बघून कुणी तरी म्हणालंच, "एवढी काही गरज दिसत नाही यांना."

खरी अडचण वेगळीच असते. बाप वारला आणि आईने दुसरं लग्न केलं. मुलं आजीकडे. कागदावर आई जिवंत, त्यामुळे पालक तीच. ती सही द्यायला येत नाही, किंवा नव्या घरचे येऊ देत नाहीत. किंवा बाप ऊसतोडीला गेला तो आलाच नाही. मृत्यू दाखला नाही, पोलिसांत तक्रार नाही. या मुलांना गावातला प्रत्येक माणूस 'पोरकी' म्हणेल, पण अर्जात त्यांना कुठल्या रकान्यात बसवायचं? शेवटी हे सगळं गृहचौकशी करणाऱ्यावर येतं. तो समजून लिहिणारा असेल तर समितीपुढे प्रश्न सुटतो. नुसते रकाने भरणारा असेल तर फाईल 'त्रुटी'मध्ये.

ट्रेझरीवाला

निवृत्त आहे म्हणून मोकळेपणाने लिहितो. निधी कुठे थांबतो याचं उत्तर रोमहर्षक नाही.

राज्याच्या योजनेचे पैसे राज्याच्या अर्थसंकल्पातून. लेखाशीर्षावर, म्हणजे त्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यावर, तरतूद होते, पण तरतूद झाली म्हणजे पैसे हातात आले असं नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने सोडतो, बीम्सवर (निधीवाटपाची सरकारी संगणक प्रणाली) रक्कम दिसली की आयुक्तालय जिल्ह्यांना वाटतं, जिल्हा कार्यालय देयक करून कोषागारात टाकतं. आता गंमत बघा. तरतूद होते गेल्या वर्षीच्या मुलांच्या संख्येवर. करोनात एकल पालकांची मुलं एकदम वाढली, पाठोपाठ दर दुप्पट झाला. संख्या आणि दर दोन्ही वाढले की जुन्या अंदाजावरची तरतूद वर्ष संपायच्या आधीच संपते. मग पुरवणी मागणी, म्हणजे जादा निधीला विधिमंडळाची मंजुरी, म्हणजे अधिवेशनाची वाट बघा. तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना चार-सहा महिने शुकशुकाट आणि मार्चमध्ये एकदम रक्कम, असं होतं ना? ते यामुळे.

केंद्राच्या मिशन वात्सल्यचं गणित वेगळं. तिथे केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. केंद्राचा हप्ता मागच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय सुटत नाही. एखाद्या जिल्ह्याने हिशोब उशिरा दिला की झळ सगळ्या राज्याला बसते. शिवाय राज्याचा ४० टक्के हिस्सा वेळेत पडला पाहिजे.

जिल्ह्यातला बाबू पैसे दाबून बसलाय असं समजू नका. बहुतेक वेळा त्याच्याकडेही नसतात.

वाकडी_वाट

सगळं मान्य. पण दुसरी बाजूही लिहा की. घटस्फोट कागदावर, नवरा घरातच, पगारही चालू, आणि बालसंगोपनही चालू, अशी उदाहरणं मी स्वतः पाहिलीत. आमच्याकडे 'अर्ज करून देतो' म्हणणारे एजंट पहिल्या हप्त्यातला अर्धा वाटा घेतात. करदात्यांनी किती सोसायचं?

माणकोजी

@वाकडी_वाट, एजंटांबद्दल शंभर टक्के सहमत. अर्ज मोफत आहे हे आम्ही गावोगाव फलकावर लिहितो, तरी बायका पैसे देतात, कारण एजंट निदान फोन तरी उचलतो.

पण खोट्या लाभार्थ्यांवरचा इलाज गृहचौकशी हाच आहे, आणि ती करायला माणसं नाहीत. बाल संरक्षण कक्षातली बहुतेक मंडळी कंत्राटी, एकेकाकडे तालुकेच्या तालुके. त्या माणसाने वर्षातून एकदा जरी प्रत्येक घरी जायचं म्हटलं तरी त्याला दुसरं काम करता येणार नाही. तुम्ही म्हणता तो नवरा घरात सापडायचा तर कुणी तरी घरी जायला हवं ना?

ॲड. पूर्वा

कायद्याची बाजू मांडते.

बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये कलम ४४ प्रतिपालकत्वाचं, म्हणजे मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याचं. कलम ४५ प्रायोजकत्वाचं, म्हणजे मूल आपल्याच घरी राहावं म्हणून मदत देण्याचं. ४४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की राज्य सरकारने अशा मुलांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत दरमहा निधी द्यायचा आणि मुलाचं बरं चाललंय ना हे तपासायचं. म्हणजे पैसा आणि तपासणी एकाच कलमात जोडलेली आहेत. आपल्याकडे पैशाची चर्चा होते, तपासणीची होत नाही.

बालसंगोपन योजना आखली ती मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याच्या कल्पनेतून. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर ते विधवा आईकडेच राहणाऱ्या मुलांचं अर्थसाहाय्य झालंय. माझ्या मते यात वाईट काही नाही, गरज तीच होती. पण परिणाम असा की ज्या मुलाला खरोखर कुणीच नाही, त्याच्यासाठी कुटुंब शोधण्याचं काम कुणाच्या टेबलावर उरलंच नाही. ते मूल बालगृहात जातं.

आता ४००० विरुद्ध २२५०. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाला उत्पन्नाची मर्यादा आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. एका मुलाला एकच लाभ. म्हणजे एकाच गल्लीत, सारख्याच परिस्थितीतल्या दोन घरांत एका मुलाला ४००० आणि दुसऱ्याला २२५० हे अगदी शक्य आहे, आणि फरक कशाचा? त्या महिन्यात कुठल्या योजनेत जागा होती याचा. मला हे कोर्टात टिकेल असं वाटत नाही, पण आव्हान द्यायला जाणार कोण?

नावांचा घोळ तर विचारूच नका. २०२१ मध्ये करोना विधवांसाठी राज्य सरकारने तालुका समित्या केल्या त्या उपक्रमाचं नावही 'मिशन वात्सल्य'. नंतर केंद्राची योजना आली तिचंही तेच. त्यामुळे "माझं वात्सल्यमध्ये नाव आहे" असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठल्या?

रेखा७७

मी लाभार्थीच आहे. मिस्टर २०२१ ला गेले. दोन मुलं आहेत, दोघांचा आदेश झाला. पैसे आले तेव्हा बऱ्याच महिन्यांचे एकदम आले. ते शाळेच्या फीला उपयोगी पडले, नाही असं नाही. पण महिन्याच्या किराण्याला त्यांचा भरवसा धरता येत नाही. दुकानदार म्हणतो, "ताई, सरकारच्या नावावर उधारी नको."

एक सुचवते. बँक खात्याला आधार जोडलेलं असेल तरच पैसे येतात. माझ्या ओळखीतल्या एकीचे पैसे तिच्या दुसऱ्याच जुन्या खात्यात जमा होत होते आणि तिला पत्ताच नव्हता. आधी बँकेत जाऊन कुठलं खातं जोडलंय ते बघून घ्या.

सनीव्हेलकर

इथे थोडी भर घालतो, कारण मी राहतो त्या कॅलिफोर्नियात हे सगळं काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन, बघते. राज्यात ५८ काउंट्या. मूल धोक्यात आहे अशी तक्रार आली की काउंटीचा समाजसेवक जातो, बालन्यायालय मुलाला घराबाहेर ठेवायचं का ते ठरवतं, आणि घर शोधणं, त्या कुटुंबाला तपासून मान्यता देणं, दरमहा पैसे देणं हे सगळं काउंटीच्या एकाच खात्याकडे. आपल्याकडचं 'आमच्याकडून झालंय, पुढे विचारा' इथे कमी आहे ते यामुळे.

पण भाबडेपणाने बघू नका. पैशाची भांडणं इथेही आहेत. पात्र मुलांच्या खर्चाचा साधारण निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. पात्र म्हणजे? मूल ज्या घरातून आलं ते घर जुलै १९९६ च्या नियमांप्रमाणे गरीब असलं पाहिजे. १९९६! ती आकडेवारी महागाईप्रमाणे कधी वाढवलीच नाही. साहजिकच दरवर्षी कमी मुलं पात्र ठरतात आणि उरलेल्यांचा भार राज्य आणि काउंटीवर येतो. २०११ मध्ये राज्याने आपला वाटाही काउंट्यांकडे सरकवला, सोबत विक्रीकराचा ठरावीक हिस्सा दिला. मंदी आली की विक्रीकर घटतो, आणि घरांतले ताण नेमके तेव्हाच वाढतात.

नीरजा बाईंच्या आजीवरून आठवलं. इथेही बरीच वर्षं असं होतं की केंद्राच्या निकषात न बसणारं मूल आजीकडे ठेवलं तर आजीला कमी मदत, आणि तेच मूल परक्या कुटुंबाकडे ठेवलं तर पूर्ण दर. २०१५ पासून ज्या काउंट्यांनी तयारी दाखवली तिथे नातेवाइकांना सारखे पैसे मिळू लागले, आणि पुढे सगळीकडे.

माजी झेडपी सदस्य

कॅलिफोर्नियाचं वाचून बरं वाटलं, पण आमच्या जिल्हा परिषदेकडे बालसंगोपन द्या म्हणणाऱ्यांना सांगतो, आमच्या हातात काय आहे ते बघा.

जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शिवाय जिल्हा नियोजनातून ३ टक्के निधी महिला व बाल विकासासाठी राखीव. ऐकायला भरपूर. पण या पैशांतून काय होतं? शिलाई मशीन, सायकली, पिठाची गिरणी, एमएससीआयटीची फी, अंगणवाडीची दुरुस्ती. एकदा दिली की संपली अशी वस्तू. दरमहा कुणाला पैसे देण्याची योजना स्वनिधीतून घ्यायला कुणी तयार होत नाही. पुढच्या वर्षी उत्पन्न घटलं तर काय करणार? आणि खरं सांगू, मशीन वाटपाला मांडव घालता येतो. खात्यात जमा झालेल्या पैशांचा फोटो निघत नाही.

गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच अध्यक्ष. बैठकीची वही तपासा, सह्या सगळ्या एकाच पेनाने असतात. पण कुठलं पोर कुणाकडे राहतंय, नवरा घरात आहे की नाही, आजीला झेपतंय की नाही, हे गावात ज्याला त्याला माहीत असतं. वाकडी_वाट म्हणतात ती खोटी प्रकरणं आणि नीरजा बाई म्हणतात ती रकान्यात न बसणारी, दोन्ही ही समिती एका बैठकीत निकाली काढेल. तिच्या शिफारशीला वजन द्या, आणि १० टक्क्यांतून निदान गृहचौकशीच्या माणसाचा प्रवासखर्च द्या. ते आम्हाला जमण्यासारखं आहे.

वाकडी_वाट

सरपंचाच्या हातात शिफारस दिली तर विरोधी पार्टीच्या विधवेचं काय होणार, ते आपण सगळे जाणतो.

माजी झेडपी सदस्य

म्हणून शिफारस म्हणालो, मंजुरी नाही. मंजुरी बाल कल्याण समितीचीच राहू द्या.

ॲड. पूर्वा

आणि ती समिती बसू द्या! कायद्याने अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यात किमान वीस दिवस बैठक, आणि अंतिम आदेशाला किमान तीन जण हजर. मुदत संपल्यावर नवीन नेमणुका होईपर्यंत शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कारभार सोपवला की आदेश रांगेत पडतात. पैसा तयार असला तरी आदेशाशिवाय तो कुणाला द्यायचा?

माणकोजींच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. परकं मूल वाढवणारी कुटुंबं वाढावीत म्हणून २०२४ मध्ये केंद्राने प्रतिपालकत्वाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. पूर्वी फक्त विवाहित जोडपी, आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही घेऊ शकते. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. मूल दोन वर्षं त्या घरात रुळलं तर दत्तक घेता येतं, पूर्वी पाच वर्षं लागायची. नोंदणी दत्तकाच्याच केअरिंग्ज पोर्टलवर.

नीरजा बाई

पण पूर्वाताई, लोक घेतील का? आपल्याकडे दत्तक घेणारे लहान बाळ मागतात. इथे सहा वर्षांच्या पुढचं, दहा-बारा वर्षांचं पोर, तेही कदाचित परत जाणारं. आमच्या सोसायटीत मी विषय काढला तर पहिला प्रश्न जातीचा, दुसरा जमिनीत हिस्सा मागेल का हा.

ॲड. पूर्वा

हिस्सा मागू शकत नाही, प्रतिपालकत्वाने वारसाहक्क मिळत नाही. पहिल्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही.

खडीसाखर

इतका वेळ वाचनमात्र होते. वाचनखूण साठवली आहे.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा बालसंगोपनात आहे, वडील नाहीत, आई अंथरुणाला खिळलेली. येत्या काही महिन्यांत अठरा पूर्ण होतील. त्यानंतर काय? कुणी तरी अनुरक्षण म्हणून काही असतं असं सांगितलं, एकवीसपर्यंत मदत मिळते म्हणे.

माणकोजी

@खडीसाखर, अनुरक्षण कलम ४६ मध्ये आहे, पण ते बालगृहासारख्या संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी. घरात वाढलेल्याला ते लागू होत नाही. म्हणजे ज्या आईने, मावशीने पोराला बालगृहात टाकलं नाही, तिच्या पोराचे पैसे अठराव्या वाढदिवसाला बंद. मला या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

आई हयात आहे म्हणजे अनाथांच्या १ टक्का आरक्षणातही तो बसणार नाही. आत्ता दोन गोष्टी करा. अठरा पूर्ण व्हायच्या आत जिल्हा कार्यालयात जाऊन त्याचे किती महिन्यांचे पैसे थकलेत ते लेखी विचारा, कारण तो यादीतून बाहेर पडला की जुन्या थकबाकीचा पाठपुरावा अवघड होतो. आदेशाची प्रत जवळ ठेवा. आणि आईच्या नावाने संजय गांधी निराधारचा अर्ज अजून केला नसेल तर तहसीलमध्ये तो लगेच करा. जिल्हा कोणता ते व्यनि (खासगी निरोप) करा, तिकडे अर्ज भरून देणारं कुणी ओळखीचं असेल तर जोडून देतो.